प्रवरेच्या उगमाकडे : सायकल सहलीतील एका दिवसाचा अभ्यास

अहमदनगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरच्या या विस्तारात चौदा तालुके सामावलेले असून त्यांतील अकोले हा पश्चिमेकडील तालुका सह्याद्रीच्या मुख्य रांगेला भिडलेला आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला राज्यातील अतिवृष्टीचे गाव आहे आणि राज्यातील सर्वोच्च शिखरही आहे. ही विसंगती भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत सांगता येते. पण ती पायाखालून गेल्याशिवाय कळत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचा विचार या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

सहल म्हटली की बस ठरवावी, एका दिवसात चार स्थळे उरकावीत आणि रात्री उशिरा परतावे, अशी पद्धत सर्वत्र रूढ झालेली दिसते. बसच्या खिडकीतून डोंगर दिसतो, पण चढ जाणवत नाही. नदी दिसते, पण ती कोठून कोठे जाते हे उमगत नाही. सायकलने जाणाऱ्या पथकाला मात्र रस्त्याचा प्रत्येक मीटर स्वतःच्या श्रमाने विकत घ्यावा लागतो. त्यामुळे जे ज्ञान मिळते ते सहसा विसरले जात नाही.

सायकलवरून दूरच्या प्रवासाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. 1923 साली मुंबईहून निघालेल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तरुणांनी 1928 मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणा पूर्ण केली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा आहे. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी कठीण सायकल शर्यत द्विसदस्य संघ म्हणून पूर्ण केली. अलीकडे आषाढी एकादशीपूर्वी नाशिकहून पंढरपूरकडे निघणारी सायकल वारी अहमदनगर जिल्ह्यातूनच पुढे जाते. तथापि, शर्यत आणि सहल यांत मूलभूत फरक आहे. शर्यतीत पहिला कोण आला हे पाहतात. सहलीत शेवटचा पोहोचला की नाही हे पाहावे लागते. डोंगराळ प्रदेशातील सामूहिक सायकल प्रवासाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

मार्गाची निवड

या लेखात ज्या मार्गाचा विचार केला आहे तो प्रवरा नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने जाणारा आहे. प्रवरेचा उगम अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात होतो. तेथून ती राजूर, अकोले, संगमनेर, कोल्हार अशी पूर्वेकडे वाहत जाते, नेवासे तालुक्यात मुळा नदीला पोटात घेते आणि प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच नदीच्या काठी आहे.

अहमदनगरहून निघणाऱ्या पथकाने पहिल्या दिवशी राहुरी व कोल्हारमार्गे लोणी गाठावे. दुसऱ्या दिवशी संगमनेर आणि अकोले करून विठा घाट चढावा व राजूरला मुक्काम करावा. हे दोन दिवस बव्हंशी कोल्हार-घोटी मार्गाने, उसाच्या आणि फळबागांच्या प्रदेशातून जातात. लोणीजवळच प्रवरानगर आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तेथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला व तो आशियातील या प्रकारचा पहिला कारखाना म्हणून गणला जातो. संगमनेरच्या पूर्वेस ओझर येथे प्रवरेवर बंधारा असून तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. हे कालवे, हा ऊस आणि हे कारखाने यांचे पाणी जेथून येते त्या ठिकाणी विद्यार्थ्यांना तिसऱ्या दिवशी जावयाचे आहे. या तिसऱ्या दिवसाचाच येथे तपशिलाने विचार केला आहे.

समजा, पथकात वीस विद्यार्थी आणि तीन शिक्षक आहेत. विद्यार्थ्यांपैकी सहा मुली आहेत. निम्म्या सायकली गिअरच्या आहेत, तर उरलेल्या साध्या, काळ्या, एकाच गतीच्या आहेत. ग्रामीण शाळेतील पथकाचे चित्र साधारणतः असेच असते आणि नियोजन या चित्रास धरूनच केले पाहिजे.

दिवस डिसेंबरातील धरावा. पावसाळ्यात हा परिसर अत्यंत रमणीय असला तरी धुके, निसरडा रस्ता आणि सुटीच्या दिवशी होणारी मोटारींची गर्दी यांमुळे सायकल पथकास तो काळ योग्य नव्हे. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणजे उजेडाचे अकरा तास हाती असतात. राजूर ते शेंडी, तेथून भंडारदरा जलाशयाला संपूर्ण वळसा आणि पुन्हा शेंडी, हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास भरते. डोंगरी रस्त्यावर मिश्र पथकाचा सरासरी वेग ताशी दहा किलोमीटर धरला तर चालविण्याचे सहा तास होतात. निरीक्षण, भोजन व विश्रांतीसाठी तीन तास आणि अडचणींसाठी एक तास राखून ठेवावा. सातला निघालेले पथक अशा रीतीने पाच वाजता मुक्कामी पोहोचते व तासाभराचा उजेड शिल्लक राहतो. हा शेवटचा तास खर्च करण्यासाठी नसतो, तो केवळ राखीव असतो, हे नियोजकाने पक्के ध्यानात ठेवावे.

पहाटेची तपासणी

निघण्यापूर्वी अर्धा तास सायकलींच्या तपासणीस द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या नव्हे, तर शेजाऱ्याच्या सायकलीची तपासणी करावी. स्वतःच्या वाहनातील दोष सवयीने दिसेनासा होतो, तो दुसऱ्याच्या डोळ्यांना चटकन दिसतो. ब्रेकची रबरे झिजली आहेत काय, ती रिमवर नीट टेकतात काय, तारा किंवा सळया सैल आहेत काय, चाक एका बाजूस झोल खाते काय, साखळीला तेल आहे काय, टायरला चीर आहे काय, हँडल घट्ट आहे काय, एवढ्या सात गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरेसे आहे. पथकासोबत दोन पंप, पान्हे, पंक्चरचे सामान, दोन जादा ट्यूब, ब्रेकची रबरे आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. राजूर सोडल्यानंतर सायकल दुरुस्तीचे दुकान मिळेल असे गृहीत धरू नये. कायद्याने सायकलस्वारास हेल्मेटची सक्ती नसली तरी घाटाच्या रस्त्यावर ते वापरणेच शहाणपणाचे ठरते.

यानंतर पथकाची रचना करावी. एक शिक्षक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे असावा. तिसऱ्याने मध्यभागी राहावे. पुढच्या शिक्षकास कोणी ओलांडू नये आणि मागच्या शिक्षकाच्या मागे कोणी राहू नये. जो विद्यार्थी सर्वांत हळू चालवितो त्यास शेपटास न ठेवता आघाडीच्या शिक्षकाच्या लगेच मागे ठेवावे. शेपटास ठेवलेल्या दुबळ्या सायकलस्वाराची अवस्था मोठी कठीण होते. पुढचे लोक थांबून विश्रांती घेतात आणि तो धापा टाकीत पोहोचताच पुन्हा निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच ती मिळत नाही. तोच विद्यार्थी पुढे असला की आघाडीचा वेग आपोआप त्याच्या वेगाशी जुळतो आणि सारे पथक एकत्र राहते.

चढणीचा हिशेब

राजूरहून निघाल्यावर रस्ता चढ-उतारांचा आहे. येथे विज्ञानाच्या शिक्षकास वर्गात न मिळणारी संधी मिळते. 50 किलोचा विद्यार्थी, 18 किलोची साधी सायकल आणि 7 किलोचे सामान मिळून 75 किलो वजन होते. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर या प्रमाणात चढत असेल, तर दोन किलोमीटर अंतरात हे वजन 100 मीटर उंच न्यावे लागते. त्यासाठी सुमारे 73,500 ज्यूल इतके कार्य घडते. ताशी 8 किलोमीटर वेगाने हा चढ पार करण्यास पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी पायांना सतत 80 वॉटहून अधिक शक्ती द्यावी लागते. सपाट रस्त्यावर याच वेगास पंधरा-वीस वॉट पुरतात. चढणीवर पाय पाच-सहा पट काम करतात, हे विद्यार्थ्याला सूत्र न सांगताही कळते. सूत्रामुळे ते कशामुळे घडते हे समजते.

गिअरची सायकल असणाऱ्यास हे काम हलक्या पायाने, अधिक फेऱ्या मारून करता येते. साध्या सायकलीस ती सोय नाही. म्हणून तीव्र चढावर साधी सायकल हातात धरून चालणे हाच योग्य मार्ग होय. त्यात कमीपणा मानू नये. किंबहुना, चढ सुरू होताच शिक्षकाने स्वतः प्रथम खाली उतरावे. वीस मुलांसमोर आपण एकटेच उतरलो याची लाज वाटून एखादा विद्यार्थी छातीवर ताण घेतो आणि दुपारपर्यंत तो निकामी होतो. शिक्षक उतरला की तो प्रश्नच उरत नाही.

चढ सलग नसतो. एक उभा टप्पा, मग थोडे सपाट, पुन्हा उभा टप्पा, अशी त्याची घडण आहे. याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले आणि मऊ थर झिजून सपाट पट्ट्या तयार झाल्या. या खडकास ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. सायकलस्वार या पायऱ्याच चढत असतो.

रंधा आणि भंडारदरा

राजूर व शेंडी यांच्या दरम्यान रंधा धबधबा लागतो. येथे प्रवरा खोल घळीत कोसळते. धबधब्यास किती पाणी असेल हे पावसाळ्यानंतर धरणातून सोडल्या जाणाऱ्या आवर्तनावर अवलंबून असते. कड्याच्या काठाशी जाणे धोक्याचे असल्याने विद्यार्थ्यांनी संरक्षक कठड्याच्या आतूनच दर्शन घ्यावे व शिक्षकाने येथे हजेरी घ्यावी.

साडेनऊच्या सुमारास पथक शेंडीस पोहोचते. भंडारदरा धरण येथेच आहे. 1910 मध्ये सुरू झालेले हे दगडी बांधकामाचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण असे म्हटले जाई. त्याची उंची सुमारे 82 मीटर असून जलाशयाची साठवण क्षमता सुमारे 11 अब्ज घनफूट आहे. 1969 मध्ये भिंतीस तडे आढळल्यानंतर मागील बाजूस आधारभिंती उभारून धरणाचे बळकटीकरण करण्यात आले. प्रवरेवर याच तालुक्यात खालच्या अंगास निळवंडे धरणही उभे राहिले असून त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर 2023 मध्ये झाले. आदल्या दोन दिवसांत पाहिलेला ऊस, कालवे आणि ओझरचा बंधारा यांचा संबंध येथे जुळतो. विद्यार्थ्यांकडून नकाशावर धरणापासून प्रवरासंगमापर्यंत रेघ ओढवून घ्यावी. जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा एक मोठा अध्याय त्या रेघेवर मांडता येतो.

जलाशयाभोवती

शेंडीहून जलाशयाच्या उत्तर काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे घेत रस्ता घाटघरकडे जातो. उत्तरेस कळसूबाईची रांग सतत सोबत असते. 1,646 मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर अकोले आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर आहे. पुढे अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग दिसू लागतात. जलाशयापलीकडे दक्षिणेस रतनगड व त्याच्या माथ्यावरील ‘नेढे’ ओळखू येते. हा सारा प्रदेश 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मोडतो. म्हणून गोंगाट, प्लॅस्टिकचा कचरा व रस्ता सोडून रानात शिरणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

जसजसे पश्चिमेस जावे तसतसा भोवतालचा देखावा पालटतो. ऊस केव्हाच मागे पडलेला असतो. भाताची खाचरे, उतारावर नागली व वरईची शेते, हिरड्याची झाडे आणि दाट रान दिसू लागते. घरांची छपरे अधिक उतरती होतात, कारण त्यांना पाऊस झेलावयाचा असतो. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर समाजांची आहे. कोणते पीक कोठे संपले व कोणते कोठे सुरू झाले याची नोंद किलोमीटरच्या दगडांनुसार करण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. ही नोंदवही हाच या दिवसाचा खरा पाठ होय.

या बदलाचे कारण पाऊस आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कोकणातून सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि आपले पाणी डोंगरमाथ्यावर टाकतात. पूर्वेकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. घाटघर-रतनवाडी परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आत असलेल्या संगमनेरच्या पठारी भागास पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पावसावर भागवावे लागते. पर्जन्यछायेचा प्रदेश ही संज्ञा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने ती दोन दिवसांत सायकलवरून पार केलेली असते.

घाटघर : शेवटचे गाव

साडेबाराच्या सुमारास पथक घाटघरला पोहोचते. येथे जिल्हा संपतो. गावापासून जवळच कोकणकडा असून त्याच्या टोकापाशी जमीन एकाएकी तुटते आणि शेकडो मीटर खाली ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका पसरलेला दिसतो. कड्यावर विद्यार्थ्यांना लहान गटांनी, शिक्षकाच्या देखरेखीखालीच न्यावे.

घाटघर येथील जलविद्युत प्रकल्प शिक्षकाने आवर्जून समजावून द्यावा. दोन जनित्रांचा, एकूण 250 मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प 2008 मध्ये कार्यान्वित झाला. वरचा जलाशय घाटघरला, तर खालचा शहापूर तालुक्यात आहे; दोहोंच्या पातळीत सुमारे 400 मीटरचे अंतर आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा शिल्लक विजेने खालचे पाणी वर चढविले जाते आणि मागणी वाढते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. सकाळभर चढ चढून आलेल्या विद्यार्थ्यास हे तत्त्व सांगण्यास वेळ लागत नाही. त्याने खर्च केलेली शक्ती नष्ट झालेली नसून उंचीच्या रूपाने साठलेली आहे. उतारावर ती त्याला परत मिळावयाची आहे. प्रकल्पात आत जाण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. परंतु तत्त्व समजण्यास बाहेरून दिसते तेवढेही पुरे आहे.

भोजनाच्या वेळी विद्यार्थ्यांनी गावातील वडीलधाऱ्या मंडळींशी बोलावे. उन्हाळ्यात पाणी कोठून आणता, आजारी माणसाला दवाखान्यात कसे नेता, आठवीनंतर मुले कोठे शिकतात, हे प्रश्न साधे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. जेथे जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस पडतो, त्या डोंगरपट्ट्यातील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी दूरवर जावे लागते. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण कातळ, यामुळे पडलेले पाणी मुरत नाही. ते धावत खाली जाते. ते जेथे अडविले जाते तेथून त्याचा लाभ मुख्यतः खालच्या तालुक्यांना होतो. यात कोणा एकाचा दोष शोधण्याचे कारण नाही. पाणी उताराकडेच वाहणार. पण ज्या शेतकऱ्याच्या मुलाने कालव्याच्या काठी वाढून हे गाव पाहिले, तो पुढे सहकारी संस्थेत, पंचायत समितीत किंवा शासकीय कचेरीत बसून पाण्याचा विचार करील, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नदीचे दुसरे टोकही असेल.

या ठिकाणी सकाळच्या नियमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पथकाचा वेग जसा शेवटच्या सायकलस्वारावरून ठरतो, तसा जिल्ह्याचा विकास शेवटच्या गावावरून मोजावा लागतो. जिल्ह्याची सरासरी काढली की आघाडीवाल्यांचे पोहोचणे दिसते, मागे राहिलेल्याची धाप ऐकू येत नाही.

उतरणीची शिस्त

दीड वाजता परतीचा प्रवास सुरू व्हावा. काही कारणाने एक वाजेपर्यंत घाटघर आले नसेल, तर जेथे असू तेथूनच मागे फिरावे आणि आल्या वाटेने शेंडी गाठावी. हा निर्णय आदल्या रात्रीच सर्वांना सांगून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

परतताना साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा जलाशयाच्या दक्षिण बाजूचा रस्ता घ्यावा. रतनवाडी येथील अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर शिल्पकलेचा उत्तम नमुना असून इतिहासाच्या शिक्षकास तेथे अर्धा-पाऊण तास सहज देता येईल.

सायकल सहलीतील गंभीर अपघात चढावर क्वचितच होतात; ते उतारावर होतात. चढ संपला, श्रम सरले, वारा अंगावर आला की सावधपणा ढळतो. वेग ताशी वीसवरून चाळीसवर गेला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. पायांनी चढविलेली सारी ऊर्जा आता ब्रेकच्या चार छोट्या रबरांना उष्णतेच्या रूपाने झेलावी लागते. यास्तव उतारावर पुढील नियम पाळावेत.

पहिला, दोन सायकलींमध्ये किमान पंचवीस-तीस पावलांचे अंतर ठेवावे आणि कोणीही जोडीने चालवू नये. दुसरा, ब्रेक सलग दाबून न धरता थांबून थांबून लावावेत आणि दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत; केवळ पुढचा ब्रेक जोराने दाबल्यास सायकल उलटते. तिसरा, वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणावर नव्हे. चौथा, रिम ओली असल्यास ब्रेक उशिरा लागतो हे ध्यानात धरावे. पाचवा, ज्याचा ब्रेक सैल वाटेल त्याने तात्काळ शिट्टी वाजवून उतरावे. दुरुस्ती होईपर्यंत सायकल हातात धरून चालावे. सहावा, प्रत्येक मोठ्या उतरणीच्या तळाशी सर्वांनी थांबावे व मोजदाद करावी. तेवीस निघाले होते, तेवीस आले पाहिजेत. संख्या जुळल्याखेरीज पुढचे चाक फिरू नये.

पंचायतीचा व शाळेचा वाटा

अशा सहली वाढाव्यात म्हणून मोठ्या खर्चाची गरज नाही. मार्गावरील ग्रामपंचायतींनी शाळेच्या आवारात पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व रात्रीच्या निवाऱ्याची सोय केली, तीव्र वळणांपूर्वी ठळक सूचनाफलक राहतील हे पाहिले आणि पंक्चर काढणाऱ्या एखाद्या स्थानिक तरुणाचे नाव फलकावर लिहून ठेवले, तरी पुष्कळ काम होईल. भोजनाची व्यवस्था गावातील महिला बचत गटाकडे सोपविल्यास नागलीची भाकरी व स्थानिक तांदळाचा भात मुलांना मिळेल आणि चार पैसे गावात राहतील. शाळांनी प्रवासापूर्वी पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांची व शिक्षण विभागाची परवानगी आणि मुक्कामाच्या गावांशी पत्रव्यवहार या बाबी पूर्ण कराव्यात. नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची व पोलीस ठाण्याची माहिती पथकप्रमुखाच्या वहीत असावी. राष्ट्रीय सेवा योजना तसेच स्काउट-गाइड पथके यांना असा उपक्रम विशेष सोयीचा आहे.

मुलींचा सहभाग हा वेगळा उल्लेख करण्याजोगा विषय आहे. ग्रामीण महाराष्ट्रात सायकलीमुळे गावाबाहेरच्या शाळेत जाणे अनेक मुलींना शक्य झाले. ज्या सायकलीने शाळा जवळ आणली तीच सायकल त्यांना आपला जिल्हाही दाखवू शकते. त्यासाठी पथकात महिला शिक्षिका असणे व मुक्कामाची स्वतंत्र सोय असणे आवश्यक आहे.

पाच वाजता पथक शेंडीस परत येते. सायकली भिंतीला लावून विद्यार्थी जलाशयाच्या काठी बसतात. आता नोंदवह्या उघडाव्यात. किती चढ चढलो, कोणते पीक कोठे बदलले, घाटघरच्या माणसांनी काय सांगितले, हे प्रत्येकाने दहा ओळींत लिहावे. शिक्षकाने त्या वह्या गोळा करून प्रथम त्या विद्यार्थ्याची वही वाचावी जो दिवसभर सर्वांत हळू चालत होता. चढावर इतरांचे लक्ष पायांकडे व घड्याळाकडे असते. हळू जाणाऱ्याने वाटेवरचे पुष्कळ काही पाहिलेले असते.

दुसऱ्या दिवशी पथक प्रवरेच्या प्रवाहाबरोबर खाली उतरू लागेल. रस्ता तोच असेल, कालवे आणि ऊसही तेच असतील. मात्र त्या पाण्याकडे पाहताना ते कोठून आले आणि मागे कोणाला ठेवून आले, हे त्या वीस मुलांना ठाऊक असेल.